आधी धाकटीचं मत

पप्पांच्या वहीत शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं अंतर फेब्रुवारीत चार मिलिमीटर होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते अडीचवर आलं, ओळी उजवीकडे उतरत गेल्या, आणि अकरा पानांनंतर, एप्रिलच्या सुरुवातीला, ते पुन्हा पावणेचारापर्यंत चढलं. मिल्काने प्रत्येक पानावरची पाच अक्षरं निवडली होती, काना-मात्रा नसलेली, म्हणजे तुलना सरळ व्हावी. अंतर मोजायचा कॅलिपर तिच्या नवऱ्याच्या, परीक्षितच्या, हत्यारांच्या पेटीतला होता. तो शून्यावर नीट बसत नव्हता, म्हणून तिने दर वेळी तेवढी चूक वजा केली. आकडे मात्र तिने किराण्याच्या यादीच्या मागे लिहिले, कारण वही पप्पांची होती, आणि हे आकडे कुणाला दाखवायचे की दाखवायचेच नाहीत, हे ठरलं नव्हतं.

ती अकरा पानं हॉस्पिटलातली होती. न्यूमोनियाच्या निमित्ताने पप्पा मार्चमध्ये सोळा दिवस तिथे होते आणि त्यात चार वेळा त्यांचं रक्त मानेतल्या नळीतून बाहेर काढून, यंत्रात धुऊन, परत आत सोडलं गेलं. पहिल्या डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली, थोडं लिहिलं, मागचं पान उलटलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" त्यांनीच लिहिलं होतं, तीन दिवसांपूर्वी. मिल्का तेव्हा खुर्चीत बसून त्यांच्या पायावरचं ब्लँकेट सारखं करत होती. तिने ते दोनदा सारखं केलं. नंतर किडन्या थोड्या सावरल्या, नळी निघाली, पप्पा अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घरी आले, पण उन्हाळाभर रिपोर्टमधला किडन्यांचा आकडा उतरत राहिला: अकरा टक्के, नऊ, आता सात. अक्षर लहान झालं ते यंत्रामुळे, की न्यूमोनियामुळे, की औषधांमुळे, की झोप नव्हती म्हणून? चार वेळा म्हणजे चारच. मिल्का एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं गोळ्या पाण्यात किती वेळात विरघळतात ते मोजत आली होती; चार नमुन्यांवर कुणी निष्कर्ष काढून आणला असता तर तिने कागद तसाच परत केला असता.

ती असा विचार करत असतानाच, शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, फोन आला. किडनीच्या डॉक्टरांच्या ऑफिसातली मुलगी वाढदिवसाचं आमंत्रण द्यावं तशा आवाजात म्हणाली, मंगळवारी एक अपॉइंटमेंट कॅन्सल झाली आहे. मिस्टर किहीमकरांच्या हातातली शीर डायलिसिससाठी जोडून घ्यायचं ऑपरेशन तेव्हा होऊ शकेल. ते जमून यायला पुढे दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे डॉक्टर म्हणतायत आता थांबू नये. सोमवारी दुपारपर्यंत कळवा. आणि तुम्ही त्या रस्त्याने जाणार नसाल तर तसंही कळवा, त्याची वेगळी टीम आहे. मिल्का म्हणाली, थँक यू. दुसरा रस्ता डॉक्टरांनी जूनमध्येच समजावला होता. यंत्र नाही, औषधं, सूज उतरवणं, खाज कमी ठेवणं, श्वास सोपा ठेवणं. त्यात काही महिने, फार तर वर्ष. यंत्रावर कदाचित दोन वर्षं, कदाचित तीन, आठवड्यातले तीन दिवस खुर्चीत, आणि पुढचा दिवस दमण्याचा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन्ही रस्ते चुकीचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. "वडील पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनाच विचारा ना." नेमकं तेच होत नव्हतं. तिने विचारलं की पप्पा चष्मा पुसत म्हणायचे, "माझी पाळी शेवटची."

स्वयंपाकघरात त्या वेळी पप्पा आणि हॉवर्ड भांडत होते. हॉवर्ड निवृत्त डेंटिस्ट, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, सिनेगॉगमध्ये पप्पांशी ओळख झालेला. मंगळवारी आणि शुक्रवारी तो पोथीएवढं जाड पुस्तक काखेत मारून यायचा. जोडीने शिकायचं, एकाने मांडायचं आणि दुसऱ्याने मोडायचं, ही ज्यू धर्मातली जुनी रीत होती, पण इतक्या मोठ्याने मोडायची गरज नव्हती.

"तुझा तेली तेली आहे की वकील आहे, हस्केल?" हॉवर्ड इंग्रजीत ओरडत होता. "बैल आपल्या मनाने फिरतोय. घाण्याला जुंपलेला नाही. तेल निघत नाही. मग काम कसलं?"

"पण दमतो," पप्पा टेबलावर बोट आपटून म्हणाले. "बैल दमतो, हॉवर्ड! दमतो म्हणजे काम झालं."

"मीही तुझ्याशी बोलून दमतो. हे काम आहे का?"

"आहे. शनिवारी येत जाऊ नकोस."

दोघं हसले. पप्पांना हसताना खोकला आला आणि मिल्का दाराआड तो खोकला किती सेकंद टिकतो ते मोजत उभी राहिली.

बैल पप्पांच्या वहीतला होता. ठाण्याच्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवताना, आणि त्यानंतर इथे येऊनही, पप्पा एकच पुस्तक लिहीत होते. दीड हजार वर्षांपूर्वी युफ्रेटिस नदीच्या काठी नेहारदेआ, सूरा, पुंबेदिता अशा गावांत ज्यू पंडितांची विद्यापीठं होती. तिथे माणसं ओळीने बसून कायद्याचा कीस काढायची, सामाईक भिंत पडली तर दगड कुणाचे, दिवस नेमका केव्हा सुरू होतो, शेजाऱ्याच्या बैलाने शिंग मारलं तर भरपाई किती. शाळेतले सहकारी विचारायचे, काय किहीमकर मास्तर, सुरेवर पुस्तक लिहिताय म्हणे, चाखून तरी बघितली का? पप्पा त्यांच्याबरोबर हसायचे आणि घरी येऊन लिहायला बसायचे. सूऱ्याला स्पेनहून, इजिप्तहून, वाळवंटापलीकडून पत्रं यायची, आमच्या गावात असा पेच पडलाय, निवाडा द्या. उत्तर पोचायला वर्ष लागायचं आणि लोक वर्षभर थांबायचे. कोकणातून मात्र एकही पत्र गेलं नव्हतं. किहीमच्या किनाऱ्यावरच्या त्या गावांत मिल्काचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत, शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे, आणि त्यांच्यात ना पंडित होते ना पोथ्या. सूरा नावाचं गाव आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पप्पा आता ती न गेलेली पत्रं लिहीत होते. चालू वहीतलं बारावं पत्र किहीमच्या तेल्याचं होतं: शनिवारी बैल मोकळा सोडला, तरी तो डोळ्यांवर झापड असल्यासारखा अंगणात गोल गोल फिरतो. सवयच तशी. हा माझ्याकडून विश्रांतीचा भंग झाला काय?

त्या विद्यापीठांतली एक रीत पप्पांनी घरात आणली होती. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा मतं धाकट्यांपासून घ्यायची. थोरला आधी बोलला तर धाकट्याची जीभ उचलत नाही. थोरला सगळ्यात शेवटी. पप्पा म्हणायचे, घरातले सगळेच प्रश्न जिवाचे. म्हणून वर्षातून दोनदा, ज्यू पंचांगातल्या अदार आणि एलूल, म्हणजे साधारण मार्च आणि सप्टेंबर, या महिन्यांत, जेव्हा त्या काळी शेतकरी नि व्यापारीसुद्धा हातातलं काम टाकून सूऱ्याला शिकायला जायचे, तेव्हा ठाण्याच्या दोन खोल्यांत बैठक भरायची. चार खुर्च्या आणि एक स्टूल. फ्रिज घ्यायचा का, रूबेनला सायन्सला घालायचं का. स्टुलावर मिल्का, आणि पहिली पाळी तिची. या वर्षी अदारमधली बैठक हॉस्पिटलात गेली, जूनमध्ये घ्यायची ठरली तर मिल्का म्हणाली, अजून एक रिपोर्ट येऊ दे. जुलैमध्येही तेच म्हणाली. आता एलूल लागला होता. बैठक रविवारी सकाळी नऊला, ठाण्याहून फ्लोराताई आणि इस्राएलमधल्या अश्दोदहून रूबेनदादा लॅपटॉपवर. आणि सोमवारी दुपारी ती वाढदिवसाच्या आवाजाची मुलगी.

दुपारी दोघांचेही फोन येऊन गेले. फ्लोराताई रडक्या आवाजात म्हणाली, "पप्पांना जगवायचंय की नाही, एवढाच प्रश्न आहे, मिल्के. तू उगाच त्याचं गणित करू नकोस." रूबेनदादा रडला नाही. "अमेरिकेत राहून, घरापासून दहा मिनिटांवर मशीन असताना, तुम्ही विचार कसला करताय? मी इथून काय करणार, नुसता बघणार." मग त्याचा आवाज बदलला, नेहमीच्या थट्टेवर आला. "आणि तू सहा महिने झाले, डेटा, डेटा. त्र्याऐंशी साली कुठे होता गं तुझा डेटा? तेव्हा तर फटकन बोललीस. गोगलगाईसाठी आम्हाला सगळ्यांना ठाण्यात ठेवलंस!"

ही थट्टा घरात बेचाळीस वर्षं चालली होती. मिल्का दर वेळी हसायची, आजही हसली. फोन ठेवल्यावर तिने सिंकमधले दोन कप धुतले, पुसले, पुन्हा धुतले. त्र्याऐंशीच्या एलूलमध्ये प्रश्न इस्राएलला जायचा होता. आईचे दोन्ही भाऊ गेले होते, आळीतली निम्मी बिऱ्हाडं गेली होती, पप्पांच्या हातात भरायचे कागद होते. मिल्का नऊ वर्षांची. घरामागे कर्दळीच्या बुंध्याशी ती गोगलगाई मोजत होती, पाठीवर खडूचा ठिपका देऊन, म्हणजे एकच दोनदा मोजली जाऊ नये. तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "नको." आणि उतरून पळाली. परत आली तेव्हा कागद कपाटात गेले होते, आई चूल पुसत होती, कुणी काही बोलत नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीने त्यावरून जे समजायचं ते समजून घेतलं. पुढे रूबेनदादा बाविसाव्या वर्षी एकटाच गेला. आई भावांना न भेटताच वारली. आणि मिल्काने कुठेही पहिलं न बोलणं अंगी लावून घेतलं, इतकं की लोकांना तो स्वभाव वाटू लागला; मीटिंगमध्ये ती शेवटी बोलायची, लग्नाला हो म्हणायला तिने परीक्षितला चौदा महिने लावले. तो नागपूरचा, तोंडाने मोकळा. आजही म्हणतो, चौदा महिन्यांत तर माणूस नोटीस पीरियड दोनदा भरून येतो.

शुक्रवारचा दिवस मावळायच्या आधी तिला वाटलं, फेब्रुवारीचं अक्षरसुद्धा आजारातलंच. तुलनेला निरोगी अक्षर हवं. पप्पांच्या कपाटात खालच्या खणात बैठकींच्या जुन्या वह्या होत्या. सूऱ्याच्या पंडितांसारखं पप्पा हरलेलं मतही टिपून ठेवायचे, उद्या कुणाला उपयोगी पडलं तर. तिने वेगवेगळ्या तीन वर्षांच्या तीन वह्या काढल्या, आणि त्यातली एक त्र्याऐंशीची निघाली, हा योगायोग होता असं तिने स्वतःला सांगितलं. पान आखलेलं होतं. नाव, मत, कारण. मिल्का, नको, गोगलगाईंची मोजणी अपुरी, एकतीसपर्यंत झाली आहे. रूबेन, जाऊ, तिथे सैन्यात घेतात. फ्लोरा, जाऊ, मामा आहेत. लिली, म्हणजे आई: नको, भावांकडे पाहुणी म्हणून जाईन, आश्रित म्हणून नाही. मिल्काने ती ओळ पुन्हा वाचली. आई नको म्हणाली होती. दोन विरुद्ध दोन. आणि शेवटी पप्पांच्या टपोऱ्या अक्षरात: मी, नको. त्याच्यापुढचा कारणाचा रकाना रिकामा होता. वहीभर दुसरा एकही रकाना रिकामा नव्हता.

कॅलिपर हातात तसाच राहिला. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्या वजनाच्या विरुद्ध ती रेलून उभी होती ते कुणी काढून घ्यावं आणि तोल जावा, तसं काहीतरी झालं. ती थांबली असती तर. स्टुलावर आणखी पाच मिनिटं बसली असती तर. आणि त्या रिकाम्या रकान्यात काय होतं? तीच असेल तर? पप्पांनी तिच्याकडे, ती पळाली त्या दाराकडे बघून पेन उचललं असेल तर?

शनिवारी दुपारी ती त्यांना फिरायला घेऊन गेली. घरासमोरच्या बंद गल्लीला एक चक्कर, दोनशे चाळीस पावलं. जूनमध्ये दोनशे दहा होती, म्हणजे पाऊल आखडलं होतं. मेपलची चार-दोन पानं लाल झाली होती. पप्पा दर मेलबॉक्सपाशी थांबत होते, वाचल्याचं निमित्त करून.

"पप्पा, त्र्याऐंशीच्या पानावर तुमचा रकाना रिकामा आहे."

"ती वही कशाला काढलीस?"

"अक्षर मोजायला."

पप्पांना गंमत वाटली. "किती भरलं?"

"चार पूर्णांक एक."

"वा." ते पुढच्या मेलबॉक्सपर्यंत चालले. "कारण होतं. लिहायची लाज वाटली. माझा मावसभाऊ साठ साली इस्राएलला गेला. त्याच्या लग्नाच्या वेळी तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही कोकणातले लोक खरे ज्यू कशावरून? आजीचा दाखला आणा, पणजीचा आणा. आमची पणजी घाण्यावर बसायची, तिचा कसला दाखला? पुढे ते सगळं मिटलं म्हणा, लोक मोर्चे काढून बसले, कायदे झाले. पण मी मास्तर माणूस, मिल्का. जन्मभर परीक्षा घेतल्या. मला बसायची भीती वाटली. सूऱ्याचे पंडित बरे. मेलेले आहेत, दाखला मागत नाहीत."

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"तुझ्यामुळे?" ते थांबले. खरोखरच आश्चर्य वाटल्यासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू तर मत देऊन पळालीस. तुझं एक मत होतं. पाचातलं एक."

"मला वाटत होतं..."

"किती वर्षं?"

पप्पांनी तिच्या दंडावर हात ठेवला. हाताला सूज होती, बोटाचा ठसा कातडीत उमटून राहील अशी. "आम्ही हसायचो आणि तू हे घेऊन बसलीस," ते म्हणाले. "एवढी शिकलेली, मोजायला विसरलीस? पाचातलं एक."

"मग आता तुम्हाला काय हवंय ते सांगा ना. प्लीज, पप्पा. सोमवारी कळवायचंय."

"माझी पाळी शेवटची."

"हा सूरा नाहीये!"

"नाही. म्हणून तर." त्यांना धाप लागली होती, ती ओसरेपर्यंत ते मेलबॉक्सला धरून राहिले. "मी आधी बोललो तर तुम्ही तिघं माझंच मत मला परत कराल. फ्लोरा रडून, रूबेन ओरडून, तू आकडे लावून. ते मला नकोय. तुम्हाला काय दिसतंय ते मला ऐकायचंय. मग मी माझं सांगेन, आणि तुम्हाला पटो न पटो, ते मी करेन. घाबरू नकोस."

ती घाबरली होती. पाचातलं एक असेल, पण उद्याच्या बैठकीत चारच माणसं होती, आणि ही गोगलगाय नव्हती. तिने नको म्हटलं आणि पप्पांना जगायचं असेल तर? मुलीने नको म्हटलेलं ऐकून माणूस शेवटी काय बोलेल? तिने हो म्हटलं, आणि ते तिच्या समाधानासाठी दोन वर्षं त्या खुर्चीत बसले, आपलंच अक्षर न ओळखता, तर? दोन्ही टोकांना चुकीची शक्यता तिने मनात मांडून बघितली आणि दोन्ही रकान्यांत आकडा बसेना. तिला एवढंच दिसत होतं की दर मंगळवारी नि शुक्रवारी दहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातून आरडाओरडा येतो, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी डायलिसिसला पेशंट नेणाऱ्या गाड्या सकाळी सहाला निघतात.

रविवारी नऊला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. परीक्षित चहा ठेवत म्हणाला, "पप्पा, यंदा तरी जावयाला मत द्या."

"जावयाला मत नाही. जावयाला आलं किसायचा मान."

"पंचवीस वर्षं आलंच किसतोय यार मी."

लॅपटॉपवर फ्लोराताई ओढणी सारखी करत होती, मागे ठाण्यातली संध्याकाळ आणि कुकरची शिट्टी. रूबेनदादाचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. "दादा, खाली कर कॅमेरा." "हां, दिसतोय का?" "आता पोट दिसतंय." पप्पांनी नवीन पान काढलं, पट्टी धरून दोन उभ्या रेघा मारल्या. दुसरी रेघ तळाशी वाकली. वर त्यांनी महिना लिहिला, एलूल. मिल्काला मोजल्याशिवाय कळलं, साडेतीन. मग त्यांनी पहिल्या रकान्यात तिचं नाव लिहिलं आणि पेन दुसऱ्या रकान्यावर टेकवलं. टोकापाशी शाईचा ठिपका पसरत होता.

"धाकट्यांपासून," पप्पा म्हणाले.

फ्रिजची घरघर सुरू झाली. रूबेनदादा काही म्हणणार होता, पप्पांनी त्याच्याकडे न बघता डावा हात वर केला आणि तो गप्प झाला. किराण्याची यादी मिल्काच्या खिशात होती. मागे हॉस्पिटलातल्या पानांवरच्या पंचावन्न अक्षरांच्या उंच्या, सरासरी, चुकीची मर्यादा. तिने खिशात हात घातला, कागदाची घडी बोटांना लागली, आणि ती तिने बाहेर काढली नाही. खुर्ची मागे सरकवून उठावं, चहा गाळायला जावं, दार उघडून बाहेर जावं असं तिच्या पायांना वाटत होतं. तिने दोन्ही पावलं खुर्चीच्या पायांना अडकवली, घट्ट, नऊ वर्षांच्या मुलीला कधी सुचलं नव्हतं तशी. ती शेवटपर्यंत बसणार होती. फ्लोराताईचं ऐकणार होती, दादाचं ऐकणार होती, आणि मग ते शेवटचं, ते काहीही असो. पप्पांची नजर वहीवर होती. ते तिच्याकडे बघत नव्हते, मुद्दाम, तिला मोकळं बोलता यावं म्हणून. हे तिला आज, एक्कावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा दिसलं.

"नको," मिल्का म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. लॅपटॉपमधून फ्लोराताईचा श्वास ऐकू आला. पप्पांनी लिहिलं, दोन अक्षरं, सावकाश, आणि पेन उचलून तिसऱ्या रकान्यावर आणून धरलं.

"डायलिसिस नको, पप्पा. आणि कारण लिहा," ती म्हणाली. "बैल दमतो."